रविवारची जोडीदार

वडील गेले त्याच्या आदल्या दिवशी घरात काहीच विशेष घडलं नव्हतं. रविवार होता. तिने केलेला चहा त्यांना पाणचट लागला, आणि तोच त्यांनी पुन्हा मागून घेतला. मग बुटांच्या नाड्या बांधता बांधता विचारलं, "येतेस?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे! मिलोंगा नाचायला. टँगोचीच थोरली बहीण, पण भलती चपळ. तू नुसती उभी राहा, बाकीचं मी सांभाळतो."

"बाबा, मी सरळ चालतानाही अडखळते."

"मग वाकडं चालू."

ती हसली, पण गेली नाही. धुणं राहिलंय म्हणाली. कपडे दोरीवर वाळत होते आणि ते दोघांनाही दिसत होते.

सोमवारी सकाळी दुकानात, कुणा शिंप्याच्या कात्रीला धार लावता लावता ते चाकाशेजारीच कलंडले. चाळीस वर्षं उजव्या पायाने पावटी दाबून त्यांनी ते धारेचं चाक फिरवलं होतं.

ती ग्रंथालयात सूचीचं काम करायची. प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे लागली की तिला झोप लागे. वडिलांच्या कोटाच्या खिशातलं कार्ड मात्र कुठे बसेना. नृत्यवर्गाचं कार्ड, माथ्यावर छापलेलं 'जोडी', आणि प्रत्येक रविवारापुढे हजेरीची दोन भोकं.

दोन. म्हणजे कोणीतरी होतं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती; वडिलांना मैत्रीण असती तर वाईट वाटण्याचं कारण नव्हतं. वाटलं मात्र. मैत्रीण होती तर नाव का नाही सांगितलं? आणि ती बाई शेवटचं तोंड बघायलाही का आली नाही?

त्या बाईला पाहायची संधी तिला एकदा मिळाली होती. गेल्या वर्षी एका रविवारी ती ग्रंथालयातल्या मैत्रिणीबरोबर नृत्यवर्गाच्या रस्त्याने जात होती. रंगाच्या दुकानावरच्या खिडकीत वडील नाचत होते, जीभ दातांत धरून.

"कोण गं ते आजोबा? काय रंगात आलेत!" मैत्रीण म्हणाली.

"कोण जाणे," ती म्हणाली आणि मान खाली घातली. त्याआधी क्षणभर वडिलांची नजर खाली रस्त्यावर आल्यासारखी तिला वाटली होती. त्यांनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही. जोडीला कोण होतं, ते तर पाहिलंच नव्हतं.

वडील गेल्यानंतरच्या पाचव्या रविवारी ती नृत्यवर्गाचा जिना चढली. लाकडी जमीन, टर्पेंटाइनचा वास, भिंतीलगत खुर्च्या. पाचसहा माणसं. केस बारीक कापलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या शिकवणाऱ्या बाई पुढे आल्या.

"आज एकट्याच? बाबा कुठेत?"

तिने सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या. खोलीभर कुजबुज झाली.

"त्यांच्या जोडीला कोण यायचं, तेवढं सांगा," ती म्हणाली. "मला त्या बाईंना भेटायचंय."

कोपऱ्यातले निवृत्त पोस्टमन खाकरले. "दुःखात माणसाला सुचत नाही हो. बसा, पाणी घ्या."

"मला सुचतंय. कोण यायचं?"

"तुम्हीच," बाई म्हणाल्या. "एक शब्द बोलायचा नाहीत, पण यायचात."

सगळे एका माळेचे मणी, तिला वाटलं. कुणालातरी पाठीशी घालताहेत. तिने हजेरीची वही मागितली. वडिलांच्या सहीखाली दर रविवारी तिची स्वतःची सही होती. बाकी सगळ्यांच्या सह्या शाईच्या, हीच तेवढी पेन्सिलीची. पुस्तकांजवळ शाई नको म्हणून तिच्या पिशवीत वीस वर्षं पेन्सिलच असते, हे इथे कुणाला माहीत असणार?

तिने पानं मागे उलटली. मैत्रिणीबरोबर ती खाली रस्त्यावर होती, त्या रविवारचीही सही होती.

"मला नाचता येत नाही," ती म्हणाली. "आत्ता दाखवते." एकदा अडखळले की यांचं पितळ उघडं पडेल.

"पोस्टमनकाका, या," बाई म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "आधी पाऊल टाकू नका. समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे, एवढंच ओळखा. मग सोपं जातं."

गाणं सुरू झालं. पोस्टमनकाकांच्या अंगाला साबणाचा वास होता. ती खांदे आखडून उभी राहिली. त्यांचा भार डावीकडे गेला, आणि तिचा आपसूक त्याच्याबरोबर गेला. ते चालू लागले. तीही चालू लागली. मागे, बाजूला, पुन्हा मागे. चुकायचं ठरवूनही चुकता येईना.

फक्त एक होतं. त्यांचा उजवा पाय टेकला की ती क्षणभर थांबत होती.

"ताई, तुम्ही माझ्यासाठी थांबताय का?" ते म्हणाले. "मी तर थांबत नाही."

"तुमच्यासाठी नाही ते," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "यांच्या बाबांचा उजवा पाय जमिनीवर दोनदा दाबला जायचा. पावटीची सवय. मिलोंग्यात थांबायला जागा नसते. यांनी ती त्यांच्यासाठी काढली. दहा महिने लागले."

तिने डोळे मिटले.

गाणं संपलं. पाय चालतच राहिले. पाठीवर हात होता, आणि आता तिचं थांबणं कुणाला खटकत नव्हतं.

साबणाचा वास गेला होता.

"ताई," पोस्टमनकाकांचा आवाज आला. खोलीच्या पार त्या टोकाकडून. "बरं वाटतंय ना?"

"राहू द्या, काका," शिकवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या. "मधे जाऊ नका."

पाठीवरचा हात होता तिथेच होता.

तिने डोळे उघडले नाहीत.

"ओळखलं होतं मी तुम्हाला," ती म्हणाली. "त्या रविवारी, खिडकीत. बघताक्षणीच ओळखलं होतं, बाबा."