शिकाऊ माणसाची गाठ

योगिनीला पहिला संशय आला तो गाठीचा. माणसाचा नंतर आला.

मार्च नुकताच लागला होता. सकाळचं ऊन गंगापूर धरणाच्या पाण्यावर सांडलेलं, वारा अजून झोपेतच. योगिनी नेहमीप्रमाणे बोट क्लबच्या जेटीवर फेरी मारायला उतरली, तर अगदी टोकाला एक छोटी पांढरी शिडाची बोट नव्याने आलेली दिसली. शेजारी निळ्या शर्टातला एक तरुण दोराचं टोक धरून उभा होता. तो दोर त्याने जेटीवरच्या लोखंडी खुंटीला असा काही गुंडाळला होता, की किराणा दुकानातला पुडी बांधणारा पोऱ्याही लाजला असता.

“बोट तुम्ही बांधलीत?” तिने विचारलं.

“प्रयत्न केलाय.” तो हसला. हसताना डाव्या गालावर खळी पडली. “चुकलं का?”

“बांधली असती तर चुकली म्हटलं असतं. ही नुसती गुंडाळलीय.”

ती गुडघ्यावर बसली आणि सगळं सोडून तिने बोट पुन्हा बांधली. पुढचा दोर, मागचा दोर, बोट मागे-पुढे सरकू नये म्हणून एक तिरपा दोर, आणि जेटीवर आपटू नये म्हणून मधे जुना टायर. दोर फार ताणायचा नाही, पाणी हललं की बोटीलाही हलता आलं पाहिजे, असं बरंच काही ती सांगत होती. बोलता बोलता तिने मान वर केली आणि तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस दोराकडे बघतच नाहीये. तो तिच्याकडे बघतोय. शिकणारा माणूस हाताकडे बघतो, तोंडाकडे नाही. योगिनीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

आता, योगिनीला संशय येणं ही काही बातमी नव्हे. निफाडच्या द्राक्षबागेत वाढलेली मुलगी ती. तिथे माणसं आभाळावरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत, व्यापाऱ्यावर तर नाहीच नाही. खतं आणायला वडील तिला मुद्दाम बरोबर न्यायचे, कारण दुकानदार कुठल्या गोणीवर हात ठेवताना अडखळतो हे तिला बरोबर दिसायचं. पण जो स्वभाव घरी चेष्टेचा विषय होता, तोच धरणावर तिच्या कामी आला. बोटी सांभाळणाऱ्याने वाऱ्याचा संशय घ्यावा, दोराचा घ्यावा, सेल्फी काढणाऱ्या पाहुण्यांचा तर घ्यावाच घ्यावा. दोन वर्षं जेटी तिच्या ताब्यात होती आणि एकाही बोटीला ओरखडा आला नव्हता.

तरी क्लबचे मालक दिवाकरकाका हल्ली अधूनमधून पुटपुटायचे, की आता बोटी वाढल्या, कुणीतरी रीतसर ट्रेनिंग घेतलेला माणूस आणायला हवा. ते ऐकलं की योगिनीच्या घशाखाली चहा उतरत नसे. नोकरी गेली तर दुसरी मिळाली असती, प्रश्न तो नव्हता. वडिलांनी शब्द दिला होता, “ही नोकरी आहे तोवर लग्नाचं काढणार नाही.” आणि पिंपळगावचं एक स्थळ त्या शब्दाच्या पलीकडे, दारात चपला काढून, तयारच बसलं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण ‘पाण्यावर काय काम असतं बाईमाणसाचं?’ असं त्याने पहिल्याच भेटीत विचारलं होतं. योगिनीला त्या पाण्यावरून उठायचं नव्हतं.

निळ्या शर्टाचं नाव आल्हाद. पंचवटीतला, घरी वडील आणि काका घाटावर यजमानांचे विधी सांगणारे. आपण सॉफ्टवेअर कंपनीत आहोत, महिनाभर सुट्टी काढून हौस म्हणून बोट शिकतोय, असं त्याने सांगितलं. योगिनीने मान डोलावली आणि एक अक्षरही खरं मानलं नाही.

कारणं होती. संगणकावर बोटं चालवणाऱ्या माणसाच्या तळहाताला दोराचे घट्टे कुठून आले? शिडाचा आडवा दांडा अचानक फिरला, तेव्हा हा शिकाऊ गडी न बघताच कसा वाकला? वारा बदलायच्या आधी तो डोळे मिटून गाल पुढे का करायचा? आणि मुख्य म्हणजे, रोज बोट चुकीची बांधायची, पण चूक रोज नवी! एकदा दोर इतका सैल, की बोट शेजारणीच्या अंगावर रेलली. एकदा अशी निरगाठ, की सोडायला योगिनीची नखं गेली. खरा अडाणी माणूस एकच चूक पुन्हा पुन्हा करतो. इतक्या तऱ्हेने चुकायला विद्या लागते.

“तुम्हाला माझा संशय येतो का?” एका संध्याकाळी त्याने विचारलं. ती त्याचीच गाठ सोडत होती.

“मला सगळ्यांचाच येतो.”

“मग माझ्यात विशेष काही नाही?”

“तुमचा… जरा जास्त येतो.”

“तेवढंच समाधान,” तो म्हणाला, आणि दोराचं टोक देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. चुकून की मुद्दाम? तिने त्याचाही संशय घेतला. रात्री जेवताना घेतला, झोपताना घेतला, आणि मग स्वतःचाच राग येऊन कूस बदलली.

क्लबवर चहा करणारी लंकाबाई हे सगळं गाळणीतून बघत असे. “लय ध्यान ठिवती गं तू त्याच्यावर,” ती म्हणाली.

“चोर वाटतो मला तो, मावशी.”

“आसंल. पर चोराची वाट बघत कुनी फाटकाकडं नाय बघत बसत सकाळधरनं.”

योगिनीने चहा तसाच ठेवला आणि जेटीवर निघून गेली. खरं म्हणजे त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला, की हल्ली तिचा दोरावरचा हात आपोआप थांबायचा. आवडायला लागला होता तो तिला. सरळ सांगायचं तर चांगलाच आवडायला लागला होता, आणि म्हणूनच तो खोटं बोलतोय हे तिला सोसवत नव्हतं.

उलगडा झाला तो भलत्याच वेळी. महिनाअखेरीला ती ऑफिसात टायरांचं सांगायला गेली, तर दिवाकरकाका दाराकडे पाठ करून फोनवर बोलत होते. आल्हाद गोव्यात चार वर्षं शिडाच्या बोटी शिकवत होता, त्याला जेटीसाठीच बोलावलंय, महिनाभर नुसता राहून बघ म्हटलं… मात्र गडी अजून काही चमक दाखवत नाही, असं ते कुणाला तरी सांगत होते. योगिनी आल्या पावली परतली. म्हणजे तो आला होता तो तिच्या जागेवर! आणि ती मूर्ख, रोज गुडघ्यावर बसून त्याला गाठ मारायला शिकवत होती. महिनाभर संशय घेतला, पण नेमका जो खरा होता तोच घ्यायचा राहिला.

त्या दुपारी त्याची बोट लागली, तीही नेहमीसारखीच ढिसाळ. टोकाला एक सुरगाठ, जरा ओढ बसली की सुटेल अशी. आल्हाद जेटीवर घुटमळला, ती येईल आणि रागवेल म्हणून थांबला. योगिनीने ती गाठ पाहिली, अगदी नीट पाहिली, आणि तोंड फिरवून चालू लागली. “आज नाही सांगणार काही?” त्याने मागून विचारलं. बाकीच्या सगळ्या बोटी तिने एकेक करून तपासल्या. ती एक सोडली.

चारच्या सुमाराला त्र्यंबकच्या बाजूने आभाळ काळवंडून आलं. बेमोसमी वाऱ्याचं हेच तर असतं, निरोप न देता येतो. बघता बघता पाणी काळंशार झालं, लाटा जेटीखाली धडधडू लागल्या, टपोरे थेंब आडवे मारू लागले. निफाडच्या बागेत आज काय होत असेल, असं तिच्या मनात आलं आणि तेवढ्यात खाडकन आवाज झाला. पांढरी बोट सुटली होती. मागचा दोर तेवढा धरून ती गरकन फिरली आणि तिचं पुढचं टोक शेजारच्या बोटीवर आदळलं. आणखी एक दणका, की मागचाही दोर तुटणार आणि ती थेट रांगेत घुसणार.

योगिनी पळाली. जेटी पायाखाली डोलत होती. सुटलेला दोर पाण्यात सापासारखा वळवळत होता. तिने पालथं पडून हात घातला, पण तो हाताला लागेना. तेवढ्यात तिच्या बाजूने कुणीतरी उडी मारून बोटीत गेलं. आल्हाद. त्याने दोर ओढला, दोन वेढे हवेतच घेतले, एका हाताने टाकलेला फास जेटीवरच्या खुंटीत नेमका बसला, आणि क्षणात बोटीतल्या खुंटीवर दोराचे आठचे आकडे पडत गेले, एकावर एक, सुबक, घट्ट. ना घाई ना धांदल. तिने असा हात आजवर पाहिला नव्हता. आणि इतका राग येऊनही तिला तो हात सुंदर वाटला.

चहाच्या शेडखाली दोघं निथळत उभे राहिले तेव्हा पाऊस पत्र्यावर तडतडत होता.

“छान बांधता की,” ती म्हणाली. “कधी रुजू होताय?”

त्याचा चेहरा उतरला. “तुम्हाला… कळलं?”

“काकांनी तुम्हाला माझ्या जागेवर आणलंय. मग महिनाभर हा तमाशा कशाला? माझी गंमत बघत होतात?”

तो काही बोलणार, तोच दिवाकरकाका छत्री सावरत, धापा टाकत आले. त्यांनी वरच्या ऑफिसातून सगळं पाहिलं होतं. त्यांनी आल्हादची पाठ थोपटली आणि असाच माणूस हवा होता, उद्यापासून जेटी तुझी, असं सांगून टाकलं. पिंपळगावच्या चपला घरात आल्याच म्हणायच्या.

“नको, काका,” आल्हाद म्हणाला. “बोटी बघा. हिने बांधलेली एकही हलली नाही. सुटली ती माझी. मी मुद्दाम चुकीची बांधत होतो, म्हणजे तुम्ही मला नालायक ठरवाल आणि ही इथेच राहील.”

इथे गप्प बसली असती तर योगिनीची नोकरी पक्की होती. पण खोट्याचा इतका राग करणारीला ते जमेना.

“त्याची गाठ मी पाहिली होती,” ती म्हणाली. “सुटणार हे मला ठाऊक होतं. रागाने तशीच सोडली. त्यामुळे आजच्या नुकसानीत माझाही हात आहे, काका.”

काकांनी छत्री मिटली. त्यांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. एक मुद्दाम चुकतोय आणि दुसरी चूक दिसूनही निघून जातेय, तिसरा माणूस शोधायचं त्राण आता आपल्यात नाही, असं ते वैतागून म्हणाले. जेटी योगिनीकडेच राहील. ओरखड्याचा रंग आल्हाद स्वतः मारील. आणि शिडाच्या बोटी शिकवायला तो राहणार असेल तर राहावं, पण गाठी नीट माराव्यात. एवढं बोलून ते छत्री न उघडताच पावसातून वर गेले.

लंकाबाईने दोन पेले समोर ठेवले आणि उगाचच दूध बघायला मागे गेली.

“का केलंत असं?” योगिनीने विचारलं. “खरं सांगा. नाहीतर मला संशय येत राहील.”

“पहिल्या दिवशी मी जेटी बघायलाच आलो होतो. इथलं माणूस किती पाण्यात आहे ते कळावं म्हणून दोर मुद्दाम नुसता गुंडाळला. दोन-तीन दिवसांत काकांना सांगणार होतो, येतो म्हणून.” तो पेल्याकडे बघत बोलत होता. “तुम्ही गुडघ्यावर बसलात आणि माझा दोर सोडून पुन्हा बांधलात. तो हात बघितला आणि वाटलं… ही जागा हिचीच आहे. मग रोज चुकत गेलो. आधी तुमची नोकरी राहावी म्हणून. नंतर…”

“नंतर?”

“नंतर तुम्ही रागवायला यावं म्हणून.” आता त्याने मान वर केली. “योगिनी, मला तू आवडतेस. हे तेवढं पहिल्या दिवसापासून खरं आहे.”

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. खूप वेळ पाहिलं, गोण्यांवर हात ठेवणाऱ्या दुकानदाराकडे पाहायची तसं. तो कुठेच अडखळत नव्हता. ओले केस कपाळावर, गालावरची खळी घाबरून दडी मारलेली. तिचं मन भरून आलं. इतकं, की ती हसली की रडली हे तिलाच कळलं नाही.

तिने ओल्या हाताने फोन काढला. निफाडला आईने उचलला. बागेवर नुसता वाराच गेला, गारा नाही पडल्या, हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. मग ती एका दमात म्हणाली, “आई, पिंपळगावच्या पाहुण्यांना नाही म्हणून कळव. मी बघितलाय मुलगा.”

आल्हादने पेला घाईने खाली ठेवला.

पलीकडून आईचा एकेक प्रश्न आला. कोण, कुठला, काय करतो. पंचवटीतल्या गुरुजींचा मुलगा म्हटल्यावर “गुरुजींचा?” असं तिने दोनदा विचारलं. वडिलांना कसं सांगायचं ते आपण बघू, असं शेवटी आई म्हणाली. पण तिचा खरा प्रश्न अजून राहिलाच होता.

“बाकीचं जाऊ दे, पोरी. खरं बोलतो का गं त्यो?”

योगिनीने आल्हादकडे पाहिलं.

“आजपासून बोलतोय,” ती म्हणाली.