इंजिनावरची उशी

तिथं नको, भाऊ. चाकाशेजारच्या, इंजिनावरच्या त्या उशीवर नको. मागं या, पहिल्या बाकावर बसा. आणि दार ओढून घ्या, हे समुद्रावरचं धुकं मेलं हाडात शिरतं. वर तो बारका दिवा आहे, तेवढा पुरे. चहा घेणार? थर्मासात आहे.

तर तुम्हाला शनिवार-रविवारी ही बस चालवायचं काम हवं. मीही अशीच आले होते. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात मसुराचे टोप ढवळायचे आणि सुटीच्या दिवशी बंदरापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत ही गाडी हाणायची. गाडी अन्सेल्मोकाकांच्या मालकीची. डॉक्टर म्हणाले, छाती सांभाळा, आठवड्यातले दोन दिवस तरी घरी बसा. म्हणून मला ठेवलं.

किल्ली देताना म्हणाले, "पोरी, क्लच जड आहे. आणि इंजिनावरच्या उशीवर कुणाला बसू देऊ नकोस."

"का? चटके बसतात?"

"लुदोविनाची जागा आहे ती."

लुदोविना त्यांची बायको. आम्ही सगळे मावशी म्हणायचो. नवऱ्याशेजारी त्या उशीवर बसून लोकर विणायची. आपल्या वाल्पारायसोत गर्दी झाली की लोक मागच्या दारानं चढतात, भाडं हातोहात पुढं येतं, सुटे पैसे हातोहात मागं जातात. त्यातला शेवटचा हात मावशीचा असायचा. नाणी घ्यायची, सुटे परत पाठवायची, वर चार गोष्टी सुनवायची. दोन वर्षांपूर्वी वरच्या इस्पितळात गेली बिचारी. एकटीच गेली. काका तेव्हा गाडीवर होते, ही फेरी झाली की जातो म्हणत होते.

पुढं हिवाळ्यात काकांनाच त्या इस्पितळात घातलं. सोमवारी छातीचं ऑपरेशन. पोर ना बाळ, मागं कोणी नाही. शुक्रवारी मी सूप घेऊन गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "मरणाला भीत नाही गं मी. एकट्यानं जायला भितो." मग हळूच म्हणाले, "गाडीत कुणी माझी चौकशी केली तर घरी आहे म्हणून सांग. इस्पितळाचं नाव काढायचं नाही."

"कोण करणार चौकशी?"

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, औषधाची गुंगी असेल.

शनिवारी दुपारी असं धुकं उतरलं की काचेपुढचा रस्ता दिसेना. मासळीवाली ओर्तेन्सिया टोपली घेऊन पुढंच उभी होती. "अगं पोरी, गाडी चालवतेस की चाचपडतेस?"

"तुझ्या टोपलीच्या वासावर चाललेय, गप उभी राहा," मी म्हटलं. सगळी गाडी हसली.

मोठ्या चढाचं वळण आलं. नेमकं तेव्हाच मागून कुणाचं तरी भाडं आलं. एका हातात चाक, समोर दरी. मी न बघता सुटे पैसे उजवीकडं धरले. "मागं पाठवा हो जरा."

कुणीतरी घेतले. मला वाटलं, ओर्तेन्सियाच.

थंडगार बोटं होती, अंगठी माझ्या तळव्याला घासून गेली. मागून एक माणूस ओरडला, "मिळाले, ताई!" आणि तेवढ्यात ओर्तेन्सियाची टोपली मला डोक्यावरच्या आरशात दिसली. ती केव्हाच मागं सरकली होती. मी उजवीकडं पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं. उशी मात्र मधोमध दबलेली होती, आणि ओल्या लोकरीचा वास येत होता.

पुढं थांब्याथांब्यावर माणसं उतरत गेली. गाडी रिकामी झाली. इंजिनाची घरघर तेवढी राहिली. मग अगदी शेजारून, उशीवरून, मावशीचा आवाज आला…

"तू कोण गं?"

"मि… मिरेया."

"अन्सेल्मो… कुठंय?"

भाऊ, घरी आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण डोळ्यांपुढं काकांनी धरलेलं माझं मनगट आलं. बायकोला असं किती दिवस फसवायचं? आणि तो माणूस तिकडं एकटा पडलेला. मी सांगून टाकलं. आज विचाराल तर आजही सांगेन.

"इस्पितळात आहेत, मावशी. सोमवारी छाती उघडणार. जवळ कोणी नाही."

मावशीचा आवाज एकदम बारीक झाला. "इस्पितळात तर… मी होते ना?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"मी… परत आलेच नाही का गं?"

"नाही, मावशी." मला रडू आवरेना. भीती कुठल्या कुठं गेली होती, नुसता जीव तुटत होता.

रिकाम्या गाडीत उतरायची घंटी वाजली. इस्पितळाच्या थांब्यावर मी गाडी लावली, पुढचं दार उघडलं. धुकं आत आलं. उशी हळूहळू वर आली आणि पहिल्यासारखी फुगली.

रविवारी भेटायला गेले तर काका केस विंचरून बसलेले. "तूच सांगितलंस ना?" मी शिव्या खायच्या तयारीनं उभी राहिले. तर माणूस हसतोय आणि रडतोय. "रात्रभर हात धरून बसली होती. चिडलीय. म्हणते, मी जिवंतच आहे म्हणून दोन वर्षं मला थापा मारल्यास, लाज नाही वाटली? आता म्हणते, तुला न्यायला नाही आले, सोबतीला आलेय."

ऑपरेशन नीट झालं. पण काका पुन्हा चाकावर बसले नाहीत. गाडी मला देऊन टाकली, आता रोज मीच चालवते. इस्पितळासमोरच्या बाकावर गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसलेले असतात, तुम्हीही पाहिलं असेल. मी दार उघडते, म्हणते, चला काका, सोडते घरी. ते हात हलवतात. "तू हो पुढं, पोरी. आम्ही मागच्या गाडीनं येतो."

म्हणजे मावशी तिथं आहे, त्यांच्यापाशी. बरोबर ना?

उशी तेव्हाच काढायला हवी होती. हात धजावला नाही. रिकामी नको म्हणून माझी पिशवी ठेवते तिच्यावर, पण माथ्यावर पोचेपर्यंत पिशवी खाली पडलेली असते. आणि मागच्या महिन्यात त्याच वळणावर सवयीनं माझा हात उजवीकडं गेला. सुटे पैसे घेतले गेले. पण तो हात मावशीचा नव्हता. अंगठी नव्हती. मोठा, खरबरीत, बाप्याचा हात.

गाडी रिकामी झाल्यावर आवाज आला. "मिरेया… दमलीस का गं?"

माझं असं कोणी बाप्यामाणूस नाही, भाऊ. जिवंतही नाही आणि गेलेलाही नाही. आई-बहिणीतच वाढले, लग्न केलं नाही. मावशीला नाव सांगितलं ते मीच, इथंच, या चाकावर बसून. त्या दिवशी ते आणखी कोणी ऐकलं, कुणास ठाऊक. मी उत्तर देत नाही. तो रोज विचारतो.

गाडी चांगली आहे, खुशाल चालवा. चढावर हात आपोआप उजवीकडं जाईल, जाऊ द्या. तुमचं नाव मी अजून विचारलं नाही, लक्षात आलं का? अं हं, आत्ता नको… खाली उतरल्यावर सांगा.