मामाच्या डोक्यातली शीर

सकाळी तपासणी केंद्र उघडलं की ताई आधी मामाला उचलून मशीनमध्ये ठेवत. मामा म्हणजे प्लॅस्टिकचं एक डोकं. आत पाणी, आणि पाण्यात ठरावीक जाडीच्या बारीक, सरळ नळ्या. माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या किती रुंद आहेत ते एमआरआयवर मोजायचं, तर मशीन खरं बोलतंय ना, हे आधी बघायला हवं. मामाच्या नळ्यांची मापं बरोबर आली की मगच माणसांना आत घ्यायचं.

मशीन मात्र नाव, जन्मतारीख आणि वजन दिल्याशिवाय हलायचं नाही. नवं आलं तेव्हा घाईत ताईंनी स्वतःचंच सगळं भरलं आणि मग तीच सवय पडली. वर्षानुवर्षं मामा ताईंच्या नावावर तपासला जात होता.

"ताई, तुमचं डोकं आज ठणठणीत," डॉक्टर म्हणत. "नुसतं पाणी."

"घरचेही तेच म्हणतात," ताई म्हणत.

पण त्या स्वतः कधी आत झोपल्या नव्हत्या. त्यांची थोरली बहीण, अक्का, मेंदूतली फुगलेली शीर फुटून गेली होती. ऐन तरुणपणी, धाकटीची वेणी घालता घालता. केसांत फिरणारी बोटं एकदम थांबली. ती पकड सोडवायला आईला यावं लागलं. असलं दुखणं घराण्यात उतरतं, हे ताईंना ठाऊक होतं. म्हणून तर त्या टाळत. आता लेकीला दिवस गेले होते आणि ती रोज एकच विचारायची, "आई, केलंस का गं?" आईत निघालं, तर तिलाही तपासून घ्यावं लागणार होतं.

एका सकाळी मामाचं चित्र बघताना डॉक्टर थबकले. सरळ नळ्यांमधून एक वाकडीतिकडी रेघ गेली होती. तिला फाटे फुटले होते.

"हे काय, ताई?"

"कालच्या पेशंटचं काही राहिलं असेल."

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. रेघ तशीच. मामाचं झाकण काढून पाहिलं. पाणी आणि नळ्या. इंजिनियर येऊन गेला, मशीन चोख आहे म्हणाला. रेघ मात्र रोज थोडी जाड होत गेली आणि एके दिवशी तिच्या टोकाला, डाव्या कानाच्या वर, कळीएवढा फुगवटा दिसला.

त्या दिवशी कोणी चेष्टा केली नाही.

"आज तुम्ही झोपा," डॉक्टर हळूच म्हणाले. "माझ्यासाठी नको. लेकीसाठी."

ताई झोपल्या. डोक्याभोवती पिंजरा बसला. त्यावरच्या छोट्या आरशात काचेपलीकडची खोली दिसत होती. हातात रबरी फुगा दिला. घाबरलात तर दाबा. तोंडावर मास्क चढला. त्यातून मधूनच कार्बन डायऑक्साइड मिसळलेली जड हवा येई. तिने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तो फरक मशीन मोजतं. हजार जणांना ताईंनीच हे समजावलं होतं.

खडखडाट सुरू झाला. हवेला प्लॅस्टिकची चव होती. पाठीखालची गादी हळूहळू जाणवेनाशी झाली. मग गार वाटायला लागलं, सगळीकडून सारखंच.

खडखडाट थांबला.

"ताई, अगदी स्वच्छ आहे," स्पीकरमधून डॉक्टर म्हणाले. "फुगवटा नाही, काही नाही."

ताईंना रडू आलं. डोळ्यांभोवती पाणी होतं, पण ते गालावर ओघळेना.

काढा मला आता, त्या म्हणाल्या. ओठ हलले नाहीत.

फुगा दाबायला गेल्या, तर बोटं सापडेनात.

डाव्या कानाच्या वर, सरळ नळ्यांच्या मधे, काहीतरी ठोकत होतं. सावकाश. दर ठोक्याला जरासं मोठं.

आरशात, काचेपलीकडे, डॉक्टर हसत उभे होते. शेजारी ताई उभ्या होत्या. पिंजऱ्याने विस्कटलेले केस नीट करत होत्या.

स्पीकर चालूच राहिला होता.

"अगं, काही नाही निघालं," ताईंचाच आवाज फोनवर लेकीला सांगत होता. "तू आता निवांत राहा. मी येतेच."

पलीकडून लेक काहीतरी म्हणाली असावी. तो आवाज खळखळून हसला. मग कोणीतरी स्पीकरचं बटण बंद केलं.