मागची सीट

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसणारी ती मुलगी खड्डा यायच्या आधीच अर्धा इंच वर उठते, हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लोक बसमध्ये आपल्या मोबाईलमध्ये बघतात, नाहीतर शेजाऱ्याच्या. आज पहिल्यांदाच या बसला चढलेल्या एका तरुणाच्या मात्र एका हातात नकाशांची लांबलचक नळी होती आणि दुसऱ्या हातात वरची दांडी. त्यामुळे बघायला ती मुलगीच उरली होती.

बस धाडकन आदळली. सगळे प्रवासी उडाले, नळी उडाली आणि थेट तिच्या मांडीवर जाऊन पडली. ती तेवढी जागची हलली नाही.

"सॉरी," तो म्हणाला. "पण तुम्हाला आधीच कसं कळतं?"

"काय?"

"खड्डा. तुम्ही आधीच उठता... किंचित. जणू कुणी वडीलधारं आलंय."

तिची कानशिलं तापली. "काहीतरीच!" म्हणून ती खिडकीबाहेर बघू लागली आणि पुढच्या खड्ड्याला हट्टाने बसून राहिली. दणका थेट मणक्यात गेला.

"हा माझ्यामुळे बसला," तो गंभीरपणे म्हणाला. "पुढच्या वेळी उठा तुम्ही. मी नाही बघणार."

ती हसली. हसायचं नव्हतं, पण हसली. तिच्या बाजूने सांगायचं तर ती सहसा अनोळखी माणसाला हसत नसे.

दोघं एकाच थांब्यावर उतरली, एकाच दिशेने चालू लागली आणि एकाच काचेच्या दारापाशी थांबली. तोवर दोघांनाही खात्री पटत आली होती, की दुसरं माणूस आपला पाठलाग करतंय.

ते दार न्हाणीघराच्या उंची सामानाच्या दालनाचं होतं. आत चकचकीत नळ, शॉवर, एकावर एक टब, आणि पाणी कशालाच नाही. गिऱ्हाइकाला त्यातलं महागातलं कसं शोभून दिसेल हे पटवणं तिचं काम. तिने पटवलेलं सगळं गिऱ्हाइकाच्या चिंचोळ्या न्हाणीघरात कागदावर बसवून दाखवणं, हे आजपासून त्याचं. दालनात त्याला लगेच 'नकाशेवाला' म्हणू लागले.

दालनाची दर्शनी भिंत सबंध काचेची होती. चौकातून जाणारं कुणीही आतून दिसे. बाहेरून जाणाऱ्यालाही आतलं दिसतं, हा विचार सहसा कुणी करत नसे.

नकाशेवाला टेबल लावत होता तेवढ्यात हिशेबनीस बाई आनंदाने ओरडल्या, "या, या, लवकर या! आला आमचा भुताचा सारथी!"

चौकातून एक सायकल येत होती. लांबच लांब, दोन सीटची, दोन हँडलची. पुढे पासष्टीचे गृहस्थ, पँटच्या पायाला क्लिप लावलेली, कॅरियरला वजनकाटे दुरुस्तीची पिशवी. मागची सीट रिकामी, आणि मागचे पायडल आपोआप फिरताहेत.

"खड्डा!" गृहस्थांनी खणखणीत आवाज दिला. मग क्षणभर मान कलती करून थांबले, जणू मागून काही ऐकू यायचं होतं. आणि पुढे गेले.

"रोज असंच," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मागे कुणी नाही, आणि याचं आपलं खड्डा, वळण, थांबतोय! भूत पडायला नको बिचारं!"

सगळे हसले. नकाशेवाला हसला नाही. काचेला नाक लावून बघत राहिला. "कोण हो हे?" त्याने तिला विचारलं.

"कोण जाणे," ती म्हणाली आणि काचेकडे पाठ करून आधीच लखलखणारा नळ पुसू लागली.

ते तिचे बाबा होते.

सायकल आजोबांनी केली होती, दोन मोडक्या सायकली जोडून. आजोबा पुढे आणि बाबा, तेव्हाचे हाफपँटमधले, मागे. नियमही आजोबांचेच. मागच्याला रस्ता दिसत नाही, त्याच्या हाती ब्रेक नसतो. म्हणून पुढच्याने खड्डा दिसला की ओरडून सांगायचं. मागच्याने सीटवरून किंचित उठायचं आणि "उठलो!" म्हणून पोच द्यायची. पोच आल्याशिवाय पुढच्याच्या जिवाला स्वस्थता नाही. पुढे आजोबांचे गुडघे गेले. बाबा पुढच्या सीटवर आले, मागे ही आली. "खड्डा!" "उठले!" असं ओरडत बापलेक सगळं गाव फिरत. आई काही कधी बसली नाही. म्हणे, "मला जमिनीवर पाय टेकलेले बरे. एका घरात किती जणांनी लोंबकळायचं?"

मग शाळेच्या फाटकापाशी मुली हसल्या. मुलींचं हसणं ते केवढं, पण दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, "मी चालत जाईन." बाबांनी का म्हणून विचारलं नाही. एकटेच निघाले आणि पहिल्या खड्ड्याला सवयीने ओरडले. ती सवय गेलीच नाही.

आता तिला नळांचे सतरा प्रकार सांगता येत होते आणि 'हे माझे बाबा' हे तीन शब्द येत नव्हते. माणूस हुशार झाला की त्याची लाजही हुशार होते. नेमक्या वेळी दुसऱ्याच कामात असल्याचं सोंग आणते.

नकाशेवाला बसमध्ये रोज भेटू लागला. रोज तिच्या शेजारची दांडी धरून उभा राही. शेजारची सीट रिकामी असली तरी.

"बसा की," ती एकदा म्हणाली.

"बसलो तर तुम्ही उठताना दिसणार नाही."

"मी उठत नाही!"

"बरं, नाही उठत," तो म्हणाला. बस उडाली. दोघं एकमेकांकडे न बघता हसत राहिली.

आणि तो बसमध्ये नव्हता त्या एका सकाळी हिशेबनीस बाई किंचाळल्या. भुताच्या जागी नकाशेवाला बसला होता! मागच्या सीटवर, नळी पाठीला बांधून, लहान मुलासारखा लालेलाल.

"मी सिग्नलला विचारलं, मागची जागा कुणाची आहे का?" दुपारी त्याने तिला सांगितलं. "म्हणाले, आहे, पण ती येईपर्यंत बसा." मग आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नका हं. मला सायकल येत नाही. आमचे वडील म्हणायचे, सायकल पडायचं साधन आहे. त्यांना कधी वेळ नव्हता आणि मला नंतर लाज वाटायला लागली. एवढ्या वयाच्या माणसाने कुणाला सांगायचं, मला मागून धरा म्हणून?"

त्याची लाज ऐकून आपलीही सांगून टाकावी, असं तिला वाटलं. ओठ उघडलेसुद्धा. पण आतून आलं ते, "चहा घेणार?"

पुढे तो संध्याकाळी परतताना त्या सीटवर बसू लागला, आणि रोज बातमी येऊ लागली.

"त्यांची मुलगी बसायची मागे. मोठ्या दालनात आहे म्हणे. फार हुशार."

"हो का?"

"मी विचारलं, आता का बसत नाही? म्हणाले, तिची उंची वाढली."

तिने हातातला नळ खाली ठेवला. तो आपोआप खणखणला.

मग एक दिवस सायकल चौकात आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हिशेबनीस बाई हळहळल्या. त्यांची फुकटची करमणूक गेली होती. तिला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग त्या वाटण्याचीच लाज वाटली.

"हल्ली चौकातून जात नाही का?" जेवताना तिने बाबांना विचारलं.

"मागच्या गल्लीने बरं पडतं."

"लांब पडतं ना पण?"

"पायांना व्यायाम," बाबा म्हणाले आणि ताट उचलून उठले.

आई भांडी आवरत होती. लेकीकडे न बघताच म्हणाली, "तू पाठ फिरवतेस ना, ती दिसते त्यांना. रोज दिसायची. परवा म्हणाले, पोरीला किती वेळ नळ पुसावा लागतो, उगाच त्रास. काचेतून दोन्हीकडून दिसतं, बाई."

तिला मान वर करायला जागाच उरली नव्हती.

सकाळी बसमध्ये नकाशेवाला दांडी धरून उभा होता. तिने आज शेजारच्या सीटवर हात आपटला. "बसा."

तो बसला.

"ते... सायकलवाले. ते माझे बाबा आहेत."

"हो."

"हो म्हणजे?"

"म्हणजे माहितीये. त्यांनी मला पहिलं शिकवलं ते हेच. खड्डा आला की अर्धा इंच उठायचं. मला या गावात असं उठणारं एकच माणूस माहीत होतं."

"पहिल्याच दिवशी कळलं?"

"पहिल्याच खड्ड्याला."

"आणि इतके दिवस... तुम्ही मला त्यांच्या गोष्टी सांगत होतात! बोलला का नाहीत?"

"ओळख तुमची," तो हळूच म्हणाला. "मी कशी करून देऊ?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात तिच्या लाजेला उभं राहायलाही जागा होती. खड्डा आला. दोघं एकदम उठली, एकदम बसली.

त्या संध्याकाळी दालन बंद व्हायच्या वेळी घ्यायला या, असं तिने बाबांना फोनवर सांगितलं.

"मागच्या दाराशी येऊ?" बाबांनी अगदी साधेपणाने विचारलं.

"पुढच्या," ती म्हणाली.

पायऱ्यांवर सगळेच जमले होते. मालकीणबाई गाडीची वाट बघत होत्या, हिशेबनीस बाई करमणुकीची. चौकातून ती लांबलचक सायकल आली आणि हिशेबनीस बाई तिला कोपराने ढोसत म्हणाल्या, "अगं बघ, सारथी परत आला!"

"ते माझे बाबा आहेत," ती म्हणाली. पहिल्यांदा आवाज नळासारखाच कोरडा निघाला. कुणी ऐकलं नाही. म्हणून पुन्हा म्हणाली, मोठ्याने. "बाई, ते माझे बाबा. ते हाका मारतात ना, त्या मला. भूत मी आहे."

हिशेबनीस बाईंना ठसका लागला. मालकीणबाईंनी उगाचच पर्स उघडली. नकाशेवाला पायऱ्या उतरत होता, तो थांबला. आणि बाबा, पायाची क्लिप काढता काढता, लेकीपेक्षाही जास्त लाजले.

"बस," ते म्हणाले.

ती मागच्या सीटकडे वळली.

"तिकडे नाही. पुढे."

"मी? पुढे?"

"माझे वडील उतरले तेव्हा मी पुढे बसलो. माझे गुडघे कधीपासून सांगताहेत, पण सीट द्यायला कुणी नको?" त्यांनी नकाशेवाल्याकडे पाहिलं. "हे मागे बसतील. चांगले उठतात. मी बसने येतो."

"बाबा, अहो—"

"बस आली माझी," म्हणत ते थांब्याकडे निघूनही गेले.

सायकल हलली, डगमगली, सावरली. सगळा चौक बघत होता. समोर खड्डा आला. तिने ओरडायच्या ऐवजी हँडल घट्ट धरलं. धाड!

"आई गं!" मागून आवाज आला. "अहो, सांगायचं असतं ना?"

"सगळे बघताहेत..."

"माझी कंबर त्यांच्या डोळ्यांवर अवलंबून नाहीये!"

पुढचा आला. तिने डोळे बारीक केले, श्वास घेतला. "खड्डा!"

"उठलो!"

आणि मग तिला हसू आवरेना. सायकल वेग घेऊ लागली. वारा पुढून येत होता, तिचे केस मागे त्याच्या तोंडावर जात होते, आणि त्याची तक्रार नव्हती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मागून विचारतोय. समोरून जमलं नसतं, लाज वाटते."

"विचारा."

"ही जागा... मला कायमची मिळेल?"

तिचे पाय एक फेरी विसरले. "खड्डा!" ती ओरडली.

"उठलो!... कुठाय खड्डा?"

"नव्हता."

मागे कुणीतरी हसलं. तेवढ्यात बस त्यांना मागे टाकून पुढे निघाली. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत पिशवी मांडीवर घेऊन बाबा बसले होते, आणि रस्त्याकडे बघता बघता ते अर्धा इंच वर उठले. मग बस आदळली.

"बाबा!" ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलत राहिला.

"माझं उत्तर राहिलं," मागून हळूच आवाज आला.

"हो," ती म्हणाली. "खड्डा!"

या वेळी तो खरा होता, आणि नकाशेवाला उठायला विसरला.