चावी होती म्हणून

दार उघडलं, तर माझ्या पलंगाजवळ एक अनोळखी माणूस उभा होता... आणि माझा परकर घडी करत होता.

मोखाड्याला परीक्षेचं काम आटोपून मी नुकतीच जीपने जव्हारला परतले होते. परतीच्या पावसाने अंग ओलं, खांद्याला बॅग, हातात मिटलेली छत्री. ती छत्री मी त्याच्यावर रोखली.

"कोण तुम्ही? आत कसे आलात?"

"मी... खालचा. पहिल्या मजल्यावरचा. रोहिदास." त्याने परकर घाईने पलंगावर ठेवला, पण कडेला कड जुळवून. "पाऊस आला ना. तुमचे कपडे गॅलरीत भिजत होते."

"माझे कपडे भिजतील, नाहीतर उडून दाभोशाच्या धबधब्यात पडतील! दाराला कुलूप होतं."

"चावी रघुकाकांनी दिली. माझ्या छतातून पाणी टपकतंय. त्यांना वाटलं, तुमचा नळ उघडा राहिला."

"होता उघडा?"

"नाय."

"मग बंद दिसल्यावर परत का गेला नाहीत?"

तो खरंच विचारात पडला. उंच, सावळा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. माझ्या रागाला उत्तर शोधणारा असा माणूस मी पाहिला नव्हता... लोक बहुधा राग टाळतात.

"आमच्या खोडाळ्याकडं शेजारी घरी नसला अन् पाऊस आला, तर त्याची अंगणात वाळत घातलेली नागली आपण उचलून आत घेतो," तो म्हणाला. "विचारत नाय कुणी."

"ही नागली नाही. निघा."

तो निघाला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या, आणि त्या दिसल्याचाही राग आला.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आवाज चढवायची मला सवय नाही. पण पाचवीपासून मी वसतिगृहात वाढले. तिथे बाई हवी तेव्हा ट्रंक उघडून बघायच्या, ट्रंकेला कुलूप लावायची बंदी होती. पुढे दादाच्या घरी पडद्यामागची एक खाट. माझ्या पगारातून घेतलेलं हे दुसऱ्या मजल्यावरचं घर म्हणजे आयुष्यातलं पहिलं दार, जे मी आतून लावू शकत होते. आणि वर्षभर त्याची दुसरी चावी रघुकाकांच्या भिंतीवर खिळ्याला लटकत होती!

रघुकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पंचायत समितीतून निवृत्त झालेले. चाव्या त्यांना बिल्डरने दिल्या होत्या, घरमालकांना न सांगता.

"अगं उज्ज्वला, एकटी राहतेस," ते म्हणाले. "उद्या काही झालं तर?"

"एकटी राहते म्हणूनच कुलूप लावते, काका. चावी द्या."

"सोसायटी म्हणजे एक कुटुंब."

"मग तुमच्या घराची चावी माझ्याकडे असू दे."

ते असे हसले, जणू मी गमतीने म्हटलं होतं. चावी दिली नाही. उलट रविवारच्या सभेत ठराव आणायचं ठरवलं: प्रत्येक घराची चावी सेक्रेटरीकडे सक्तीची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. रोहिदास जिन्यात दोन पायऱ्या खाली उभा होता.

"इतक्या लांब का?" मी विचारलं.

"छत्रीच्या टप्प्यात यायचं नव्हतं."

मला हसू आलं नाही. म्हणजे... येऊ दिलं नाही.

"माफी मागायला आलो, मॅडम. रात्रभर विचार केला. माझ्या बहिणीच्या खोलीत कुणी असा शिरला असता तर मी त्याचे पाय मोडले असते."

"मग आता तुमचे पाय कोणी मोडायचे?"

"तुम्हीच. पण सोमवारपर्यंत थांबा. रविवारी सभेला चालत यायचंय."

सभा खालच्या पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेर चिखल. मी बोलायला उठले आणि हात मागे बांधले. "घर माझं आहे. आत कोण येणार हे मी ठरवणार. मला न विचारता सेक्रेटरीसुद्धा येऊ शकत नाही."

"आग लागली तर विचारत बसायचं काय?" कोणीतरी ओरडलं.

"आग लागली तर दार तोडा! मी आगीबद्दल बोलत नाही. मी परवाबद्दल बोलतेय."

"परवा काय बिघडलं?" रघुकाका उठले. "ह्या रोहिदासच्या घरात पाणी गळत होतं. चावी होती म्हणून लगेच बघता आलं. सांग रे, सांग सगळ्यांना."

सगळे त्याच्याकडे वळले. मीही. त्याने 'हो' म्हटलं की ठराव झालाच होता, आणि त्याचं छत गळत होतं ते खरंच होतं.

"गच्चीवर प्रत्येक फ्लॅटचा वेगळा व्हॉल्व्ह आहे," तो हळू म्हणाला. "तो फिरवला असता तर मॅडमच्या घरातलं पाणी बाहेरूनच बंद झालं असतं. मला ते ठाऊक होतं. आत जायची काय गरज नव्हती. चावी होती म्हणून गेलो, काका. नसती, तर गेलो नसतो."

मग तळमजल्यावरच्या रोहिणीवहिनी उठल्या. "माझी पण चावी द्या, भाऊजी. गणपतीत आम्ही गावाला गेलो तेव्हा माझ्या घरी कोण येऊन गेलं, देव जाणे!"

त्यानंतर रघुकाकांचं काही चाललं नाही. चाव्या ज्याच्या त्याच्या हातात गेल्या. नियम ठरला: आधी विचारल्याशिवाय कोणी कोणाच्या घरात जायचं नाही. दुरुस्तीसाठी विचारलं तर मालकाने नाही म्हणायचं नाही. आग किंवा पूर असेल तर दोघांनी मिळून जायचं आणि मालकाला लगेच कळवायचं.

पुढे जिन्यात आम्ही भेटत राहिलो. तो कृषी खात्यात होता, पायांना कायम कुठल्यातरी शेताची माती. "आज कुणावर रागावलात?" तो विचारायचा. मी नाव सांगायची. "बिचारा," तो म्हणायचा... आणि पुढचा तास शिकवताना माझ्या हातून समीकरण चुकायचं. छताबद्दल विचारलं तर म्हणायचा, "बघतो माझं मी."

एका रविवारी कपडे धुऊन मी खाली निघाले होते. त्याचं दार नेहमीसारखं सताड उघडं. आतून आवाज आला. टप... टप... मी उंबऱ्याबाहेर थांबले. खोलीत दोन पातेली, एक बादली, भिंतीवर हिरवट ओल. अगदी माझ्या न्हाणीघराखाली. मी कपडे धुतले, की इथे पाऊस!

"हे कधीपासून?" माझा आवाज चढला. "माझी लादी फोडून खालचा पाइप बदलायला हवा, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग विचारलं का नाहीत? मी काय राक्षसीण आहे?"

तो पातेलं सरकवत राहिला. "विचारलं असतं तर तुम्हाला हो म्हणावंच लागलं असतं. नियमच आहे तसा." मग वर बघितलं. "मला तुमचा तसला हो... नको होता."

मला इतका राग आला होता, की डोळ्यांत पाणी आलं. ह्या माणसाने आठवडेच्या आठवडे ओलीत झोपून काढले होते, आणि मी वर खुशाल बादल्या ओतत होते!

"उद्या गवंडी आणा," मी म्हणाले. "दहा वाजता. हा हो नियमातला. आता... नियमात नसलेलं काहीतरी विचारा."

तो उठला. दारापर्यंत आला. हात पुसायला काही सापडेना, म्हणून शर्टालाच पुसले.

"लग्न कराल माझ्याशी?"

"एकदम?" मी ओरडलेच. "आधी माणूस चहाला विचारतो!"

"चहा घ्याल?"

"घेईन." मी उंबरा ओलांडून आत गेले. "साखर कमी. आणि आधीच्या प्रश्नाचंही उत्तर हो."