बरणीतला ‘कोको’

“बरणी गेली! माझ्या निळ्या रंगाची बरणी गेली!”

मावशीची आरोळी ऐकून भिंगरीने हातातली कच्ची फरशी कशीबशी खाली ठेवली. सुट्टीत ती मावशीच्या कुंभारकामाच्या कारखान्यात रमली होती. गावातल्या नव्या बालवाचनालयाच्या दारासाठी मावशीने बारा फरशा घडवल्या होत्या. भाजायला एक दिवस, निवायला एक दिवस, आणि परवा संध्याकाळी उद्घाटन! दुपारी बाराच्या आत भट्टी पेटायलाच हवी होती.

“कालच तर मी सगळ्या बरण्यांना नव्या चिठ्ठ्या लावल्या,” काका ऐटीत म्हणाले. “यंत्रावर छापून! सगळी अक्षरं एका मापाची. तुझ्या मावशीचं अक्षर म्हणजे मुंगीचे पाय!”

भिंगरीने फळीवरची एक चिठ्ठी वाचली, CUO, आणि ती खो खो हसत सुटली. “काका, हे युरेनियम कुठून आणलंत?”

“युरेनियम?”

“Cu म्हणजे तांबं. पण u मोठा काढलात की तो होतो युरेनियम!”

मावशीचा मुलगा ढब्बू तीन पावलं मागे सरला. “बाबा, अणुभट्टी काढायची होती तर निदान सांगायचं तरी!”

भिंगरीचं हसू मात्र एकदम थांबलं. “मावशी, हरवलेल्या बरणीवर तू काय लिहिलं होतंस?”

“CoCO₃. कोबाल्ट कार्बोनेट. पूड जांभळट असते, भट्टीत तिचा निळा रंग होतो. पण पोटात गेली तर विषारी!”

भिंगरीने तीच अक्षरं काकांच्या पद्धतीने कागदावर लिहिली: COCO3.

“को-को-तीन,” ढब्बूने वाचलं.

काकांचा चेहरा पडला. “अरे बापरे... मला वाटलं, कोको उगाच पडून आहे. मघाशीच शेजारच्या बेकरीवाल्यांना देऊन टाकला!”

पुढचं ऐकायला भिंगरी आणि ढब्बू थांबलेच नाहीत!

बेकरीत पिठाची भली मोठी परात यंत्राखाली होती. बेकरीवाल्यांनी बरणीत चमचा बुडवला होता.

“थांबा! तो कोको नाही!”

“चिठ्ठी छापलेली आहे, पोरी. तुझ्या काकांनी दिलाय. उंची माल आहे, म्हणून जांभळा! आता मधे लुडबुडू नकोस, वाढदिवसाचे केक आहेत.” एका हातात भरलेला चमचा धरून त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. यंत्र ढिम्म! पुन्हा दाबलं. तरी ढिम्म!

कोपऱ्यात ढब्बू पाठीमागे हात लपवून उभा होता. हातात यंत्राची वायर होती.

तेवढ्या वेळात भिंगरीने टेबलावरच्या पिठात बोटाने लिहिलं: CoCO₃. “हे बघा. मावशीने असं लिहिलं होतं, काकांनी सगळीच अक्षरं मोठी छापली. मोठं अक्षर आलं की नवं मूलद्रव्य सुरू होतं. लहान अक्षर म्हणजे आईचं बोट धरलेलं पोर, त्याला वेगळं मोजायचं नाही. म्हणून Co हा एकटा कोबाल्ट. मग कार्बन, मग ऑक्सिजन.”

“आणि हा तीन? मला वाटलं, तीन नंबरचा कोको!”

“तो ज्याच्या पायाशी बसलाय, फक्त त्याचाच. एक कोबाल्ट, एक कार्बन, तीन ऑक्सिजन. यात कोको कुठे आहे, सांगा! आणि हे पोटात गेलं तर विष आहे!”

बेकरीवाल्यांनी बोटावर मोजलं, पुन्हा मोजलं. मग चमच्यातली पूड अलगद बरणीत ओतली आणि झाकण घट्ट लावलं. “देवा रे! कितीतरी पोरांनी खाल्ला असता तो केक...”

ढब्बूने वायर पुढे केली. “ही घ्या. आता यंत्र चालेल!”

“लबाडा!” बेकरीवाले म्हणाले, आणि त्यांनी त्याला पोटाशी धरलं.

बरणी परत आली, फरशांना रंग चढला आणि बाराला पाच कमी असताना भट्टी पेटली. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी भट्टीचं दार उघडलं आणि आतून बारा फरशांचा लखलखीत निळा रंग बाहेर पडला! फरशा न्यायला आलेल्या वाचनालयाच्या बाई कारखान्याच्या दारापाशीच थबकल्या. “अहाहा! हा रंग कुणी केला हो?”

मावशीने भिंगरी आणि ढब्बूच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे ढकललं. “केला मी. पण तो वाचला, कारण या दोघांनी नीट वाचलं!”