कडेने धरलेलं नाणं

जुन्या नाण्यांच्या दुकानदाराने मी न सांगता काटा शून्यावर आणून दाखवला, तेव्हाच तो मला आवडला. मी वजनमापं खात्यात तपासनीस आहे. उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. तरी पर्समधून माझं प्रमाणित वजन काढून त्याच्या काट्यावर ठेवलंच. काटा चोख होता.

तो हसला. "ताई, भरवसा नाही वाटतं?"

"काट्यावर बसला. तुमच्यावर बसतोय का बघू."

बाबा गेल्या वर्षी गेले. ते तसबिरींच्या फ्रेमा करायचे, काचा कापायचे, आणि जुनी नाणी जमवायचा त्यांना भारी नाद. मागे नाण्यांचा डबा उरला. विकायचा ठरला तेव्हा दादा म्हणाला, "मी येतो गं बरोबर. बाबा म्हणायचेच, तुला काटे कळतात, माणसं कळत नाहीत." माझं लग्न मी ठरवलं आणि ते मोडलं, तेव्हापासून हे वाक्य मी ऐकतेय. साधा सुतार बोलावला तरी बाबा माझ्या आधी जाऊन त्याची चौकशी करून यायचे. मी दादाला ठणकावून सांगितलं, व्यापारी मी निवडणार, एकटी निवडणार, आणि तो चांगलाच निघणार.

परीक्षाही माझी मीच ठरवली होती. डब्यात चांदीचं एक नाणं होतं. नाणं नेहमी कडेने धरायचं, कारण बोटांचा घाम चांदीत उतरतो आणि वर्षानुवर्षांनी गडद होतो. पण हे नाणं हाती लागलं तेव्हा बाबांना आनंदाच्या भरात भान राहिलं नाही. त्यांच्या उजव्या अंगठ्याचा तपकिरी ठसा त्यावर कायमचा उमटला होता. ठशाच्या मधोमध तिरकी रेघ होती, काचेने चिरलेल्या जुन्या जखमेची. आधीच्या दुकानात ते दाखवलं, तर मालक म्हणाला, "घासून चकचकीत करून देतो की!" घासलेल्या नाण्याची किंमत मातीमोल होते, हे त्याला ठाऊक नसेल तर तो अडाणी, आणि असेल तर चोर. तिथून तडक बाहेर पडले.

या माणसाने भिंग लावून सावकाश पाहिलं. "ठसा आहे. भाव पडणार. पण घासू नका, नाहीतर उरलेलाही जाईल."

मी प्रश्न विचारत गेले. पावती देता? खोटं निघालं तर परत घेता? तुम्ही माल कुणाकडून घेता? हे नाणं दुसरीकडे दाखवून आले तर चालेल? शेवटच्यावर तो म्हणाला, "दाखवाच." मला हवा तो माणूस सापडला होता. दादाचं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढे आणून मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या.

तेव्हाच वास आला, जवसाच्या तेलाचा. फ्रेमेत काच बसवायच्या लांबीत, म्हणजे पुट्टीत, ते तेल असतं. बाबांच्या सगळ्या शर्टांना तो वास होता. इथली कपाटं लाकडी होती. त्यांना लावलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याने विकायच्या नाण्यांचा ट्रे पुढे केला. सगळी कोरी करकरीत. खिडकीतला उजेड तिरका पडला आणि एका नाण्यावर ओलसर ठसा चमकला. मी वाकून पाहिलं. मधोमध तिरकी रेघ. शेजारच्या नाण्यावरही तीच.

"ही नाणी कुणी हाताळली?"

तो ओशाळला. "एक गृहस्थ येतात. घेत काहीच नाहीत. किती सांगितलं, कडेने धरा, पण ऐकतील तर शपथ. प्रश्न विचारतात आणि जातात."

"कसले प्रश्न?"

"तुम्ही मघाशी विचारलेत तेच, त्याच क्रमाने. मला वाटलं, तुमचं आपसात बोलणं झालंय."

"शेवटचे कधी आले होते?"

"आज की! तुम्ही येताना त्यांनीच नाही का दार धरलं तुमच्यासाठी?"

बाहेरून दार चांगलं जड दिसलं होतं. मी खांदा लावायला गेले आणि ते अलगद उघडलं होतं.

मी घाबरले. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. गेल्यावरसुद्धा माझ्या आधी येऊन चौकशी! डबा उचलून तरातरा निघून जावंसं वाटलं. मग म्हटलं, का म्हणून? बाबांना पटला म्हणून मी माझा माणूस सोडायचा?

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "याला मी निवडलंय. मी!"

दुकानदार मागे सरकला.

मी ट्रेमधलं एक स्वच्छ नाणं उचललं आणि नाण्याच्या दर्शनी बाजूवर अंगठा गच्च दाबला.

"अहो ताई! वाया घालवलंत!"

"विकत घेतलं समजा. हा ठसा माझा आहे."

भिंग ओढून घेतलं. ठसा ताजा होता, एकेक रेषा स्पष्ट.

मधोमध तिरकी रेघ होती.

मी अंगठा भिंगाखाली धरला. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

अंगठा रुमालाने खसाखसा पुसला आणि दुसरं नाणं उचललं.

रुमालाला जवसाच्या तेलाचा वास येत होता.